भरलेली बादली

पहाटे पाचला तबेल्याकडे जाताना मी विजेरी लावत नाही. अंधारात कान नीट लागतो. वाटेतच चंद्रीची फुरफुर ऐकू येते, मग कडबा चावल्याचा एका लयीतला आवाज, मग म्हाताऱ्या राजाचं खूर आपटणं. हे तीन आवाज मिळाले की अर्धी काळजी मिटते. उरलेली अर्धी लीद बघून मिटते. रात्रीतून किती वेळा टाकली, गोळे बांधून आहेत की सैल, वर पांढरा चिकटा आहे का, हरभरा न चावता तसाच आलाय का. घोड्याच्या पोटाचा सगळा हिशेब लिदीत मांडलेला असतो. तो तपासल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

भीमेच्या काठापासून थोडं आत आमचं तीन एकर रान आहे. अर्ध्या एकरात मारवेल, एका पट्ट्यात लसूणघास, बाकी ज्वारी. राजा काठेवाडी, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला, आता पंचविशी ओलांडलेला. चंद्री मात्र इथलीच, भीमथडीची. खांद्यापाशी जेमतेम सव्वाचार फूट, अंगानं आटोपशीर, खुरांनी टणक. राज्यगीतात ज्यांचं नाव येतं ती ही तट्टं आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यांनी टिकवली आहेत. पावसाळा सरला की मेंढरं कोकणाकडे निघतात, तेव्हा बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरं आणि कधी तान्ही पोरंही याच घोड्यांच्या पाठीवर घाट उतरतात.

ज्यांच्या वाड्यावरून चंद्री घेतली त्या म्हातारबाबांनी दावं माझ्या हातात देताना एवढंच सांगितलं होतं, "पोरी, घोडं दुखणं सांगत न्हाई. लपवतंय. तू रोजचं बघत जा, म्हंजी निराळं दिसंल." तेव्हा मला ते बोलणं समजल्यासारखं वाटलं होतं. माळावर लांडगा असतो. कळपात जो लंगडतो त्याच्यावर त्याची नजर आधी जाते, म्हणून घोड्याच्या रक्तातच दुखणं झाकायची सवय आहे. गाय हंबरते, कुत्रं केकाटतं. घोडा बहुतेक वेळा गप्प उभा राहतो.

म्हणून सकाळचं प्रत्येक काम हे बघण्याचं काम आहे. खरारा करताना धूळ निघते, पण माझा दुसरा हात मागोमाग फिरत असतो. कुठे ऊन लागतं, कुठे कातडी थरथरते, कुठे गोचीड आहे, ते त्या हाताला कळतं. मग खूर. पुढच्या पायावरून तळहात खाली नेत नेत घोट्यापाशी आलं की चंद्री आपणच पाय उचलून देते. तो मांडीवर घ्यायचा आणि लोखंडी आकडीनं टाचेकडून पुढे माती काढत जायची. तळव्याच्या मधोमध त्रिकोणी मऊ भाग असतो, रबरासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडा अडकतो, पावसाळ्यात ओल साचून सड लागते. ती सड डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. निरोगी खुराला ओल्या मातीचा आणि शिंगाचा वास असतो. तो एकदा ओळखीचा झाला की दुसरा कुठलाही वास खटकतो.

चंदी तोबऱ्यातून, भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा, आणि तीही थोडी थोडी, दिवसातून तीनदा. एवढ्या मोठ्या जनावराची जठराची पिशवी अंगाच्या मानानं अगदी लहान असते, आणि घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेलं पुढेच जायला हवं. पुढे गेलं नाही तर पोटशूळ, आणि पोटशूळ घोड्याचा जीव घेतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी माझी चूक झाली. थंडी एकाएकी वाढली होती. चंद्री रोज दिवसाकाठी दोन बादल्या पाणी पिते. त्या दिवशी सकाळचीच बादली जवळजवळ भरलेली होती. मी ती पाहिली, 'गार पाणी आहे, पिईल नंतर' असं मनाशी म्हटलं आणि वर कोरड्या कडब्याची पेंढी टाकून घरात गेले.

रात्री दहाला मी पुन्हा गेले तेव्हा तीन आवाजांतला एक नव्हता. चावणं थांबलं होतं. चंद्री मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती, वरचा ओठ मुडपत होती, पुढच्या पायानं माती उकरत होती. मी कुशीला कान लावला. एरवी तिथे ओढ्यासारखी खळखळ चालू असते, तिथे शांतता होती. जबड्याखालची नाडी बोटाखाली धरून मोजली, मिनिटाला चौसष्ट. घोड्याची स्वस्थ नाडी २८ ते ४४ असते.

चारा काढून घेतला, डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत आणि नंतरही, ती लोळायला बघू लागली की मी तिला खळ्यावर हळूहळू फिरवत होते. डॉक्टरांनी दुखण्यावर इंजेक्शन दिलं, नाकातून जठरापर्यंत नळी घातली आणि तीतून कोमट पाणी व पॅराफिन सोडलं. "पाणी कमी पडलं, कोरडा चारा आतड्यात बसलाय," ते म्हणाले. मी बादलीकडे बघायचं टाळत होते.

साडेचारला चंद्रीनं शेपूट उचललं. चार गोळे पडले, कोरडे, दगडासारखे, वर पांढरा चिकटा. मी ते हातात घेतले. पुढे आठवडाभर चारा तोडून तोडून दिला, हळूहळू वाढवला. आता हिवाळ्यात बादलीत कोमट पाणी असतं, चंदीत चिमूटभर मीठ असतं, आणि किती पाणी उरलं ते मी रोज खडूनं दारामागे लिहिते.

फेब्रुवारीत नालबंद आला. खूर कापताना त्यानं केसांच्या रेषेखाली बोट ठेवलं. तिथे एक बारीक आडवी वळी उमटली होती. "थंडीत काय झालं होतं का हिला?" त्यानं विचारलं. आजारपण आणि चाऱ्यातला बदल खुरावर अशा वळ्या सोडतो. खूर महिन्याला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास वाढतं, तशी वळी खाली सरकत जाते.

त्यानंतर रोज सकाळी पाय मांडीवर घ्यायच्या आधी मी त्या वळीवरून अंगठा फिरवत असे. उन्हाळ्यात ती खुराच्या मध्यावर आली, गणपतीत आणखी खाली. दिवाळीच्या आधी नालबंदाच्या कानशीखाली तिचा भुगा झाला आणि मातीत मिसळला. त्यानं पाय खाली सोडला. चंद्री वळली आणि बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागली. मी घोट मोजत उभी राहिले.