कार्डावरून फोल्डरात

६ नोव्हेंबर
लग्नसराई तोंडावर आली. अण्णांच्या स्टुडिओत आज बसून फक्त बघितलं. पुतण्या कार्ड लावतो, 'न्यू फोल्डर' करतो, सगळं त्यात ओततो. लग्नघरचे सिलेक्शनला आले की हळदीचे फोटो हुडकण्यात सकाळ जाते. अण्णांचं मागणं एवढंच : "कार्ड लावलं की तारखेनं फोल्डर पाडून दे. बाकी काही नको."

९ नोव्हेंबर
फाइलच्या नावावर भिस्त ठेवता येत नाही. फाइलींना नावं देण्याच्या डीसीएफ नियमाप्रमाणे कॅमेरा नावाच्या शेवटी चारच आकडे देतो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे तेच नाव सीझनमध्ये परत येणारच, आणि घाईत 'रिप्लेस' दाबलं की जुना फोटो गेला. विंडोजची 'क्रिएटेड' तारीख कॉपी करताना बदलते. भरवशाची वेळ फोटोच्या आत, एक्झिफमध्ये असते. ती वाचायला फिल हार्वी यांचं एक्झिफटूल घेतलं. २००३ पासून चालत आलेलं, फुकट, आणि कॅनन, निकॉन, सोनी सगळ्यांच्या रॉ फाइली वाचणारं. अशा माणसांच्या कष्टांवर आपली छोटी कामं उभी राहतात. एक्झिफ तारखेत कोलन घालतं आणि विंडोजला फोल्डरच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून तिथे आडवी रेघ.

१४ नोव्हेंबर
आज खरी गंमत. ट्रॅडिशनलवाल्याचा एक कॅमेरा, कँडिडवाल्याचा दुसरा. दोघांचे फोटो वेळेनुसार लावले तर हार आधी पडले, अंतरपाट नंतर धरला! कँडिडच्या कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे होतं. आपोआप जुळवायची युक्ती शोधत बसण्यापेक्षा अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "अंतरपाट सरकतो तेव्हा दोघंही क्लिक करतात. तो क्षण धर." तेच केलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी ठेवायचे, अक्षता हवेत असलेला एकच क्षण दोन्हीकडे निवडायचा. फरक काढून त्या कार्डाच्या सगळ्या फोटोंना माझं टूल लावतं. मूळ फाइलमधली वेळ मात्र तशीच राहते, दुरुस्ती फक्त कॉपीला वेळेवरून दिलेल्या नव्या नावात.

१९ नोव्हेंबर
कॉपी झाल्यावर कार्डावरची आणि डिस्कवरची फाइल एसएचए-२५६ ने ताडून बघतो. जुळली तरच हिरवी खूण. रॉ, तिची जेपेग आणि एडिटिंगची एक्सएमपी यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. पुतण्याला कार्ड रिकामं करायचं बटण हवं होतं. दिलं नाही. दुसऱ्या डिस्कवर बॅकअप झाला की अण्णांनी स्वतः कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट करावं. कुणाच्या घरचं कार्य माझ्या बटणाच्या हवाली नको.

२३ नोव्हेंबर
पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंत एक्झिफची वेळच नाही. ते 'तारीख नाही' या फोल्डरात जातील. अंदाजाने तारीख चिकटवणार नाही. अण्णा आणि घरचे बसून लावतील.