ऐकणाऱ्याचा चेहरा

आईला नीट ऐकू येईनासं झालं, त्याला चार वर्षं झाली. कानाचं मशीन आहे, पण ते लावून टीव्ही ऐकायचा म्हणजे डोक्यात नुसता कलकलाट. मग ती मशीन काढून डबीत ठेवते, टीव्हीचा आवाज बंद करते आणि बघत बसते. संध्याकाळी मीही शेजारी बसते. आधी सोबत म्हणून बसायचे. आता तिच्याकडून बघायला शिकते आहे.

पहिले काही दिवस मी बोलणाऱ्याच्या ओठांवरच नजर लावून असायचे. आईचं लक्ष भलतीकडेच. मालिकेत सासू तावातावाने काही सांगत होती आणि आई मात्र मागे ओट्याशी उभ्या असलेल्या धाकट्या सुनेकडे बघत होती. "हिला आधीच ठाऊक आहे," ती म्हणाली. कशावरून? तर सुनेचा ढवळता हात जरासुद्धा थांबला नव्हता. दोन भागांनंतर आईचं खरं ठरलं.

आवाज चालू असला की आपली नजर शब्दांमागे धावते. आवाज गेला की ऐकणारी माणसं दिसू लागतात. चर्चेच्या कार्यक्रमात कोण दुसऱ्याचं ऐकतोय आणि कोण नुसता आपल्या पाळीची वाट बघतोय, हे चौकटीतल्या चेहऱ्यांवरून कळतं. क्रिकेटमध्ये स्लिपमधले सगळे हात वर करून ओरडतात. आई गोलंदाजाकडे बघते. तो अपील करताना अर्ध्यातच वळला, तर पंचांच्या आधी तिचा निकाल लागलेला असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. रिमोटचं एक बटण दाबलं की वाचिक तेवढा जातो. आठ सात्त्विक भावांतला स्वरभेद कानांनी टिपायचा. घाम, कंप, चेहऱ्याचा उडालेला रंग, डोळ्यांतलं पाणी हे सगळं डोळ्यांसाठी शिल्लक राहतं.

लहानपणी रविवारी दुपारी दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी बातम्या लागत. आम्ही निवेदिकेचे हात बघायचो, भुवया नाही. पण सांकेतिक भाषेत उंचावलेल्या भुवयांनी प्रश्न होतो. तिथे चेहरासुद्धा व्याकरणाचा भाग आहे. ती पूर्ण भाषा आहे. उतारवयात ऐकू येणं गेलेल्या माझ्या आईला ती भाषा कुणी शिकवली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण नुसत्या चेहऱ्यांवर भागत नाही. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्केच, असं व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून सर्रास सांगतात. तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आलेला, आणि ते प्रयोग बोलणाऱ्याच्या भावना ओळखण्यापुरते होते. माणूस चिडलाय हे आईला लगेच कळतं. कांद्याच्या भावावरून की धरणाच्या पाण्यावरून, ते कळत नाही. मग ती चष्मा शोधते, खालची पट्टी वाचते, आणि तीही भरभर सरकली तर पाटी माझ्यापुढे करते. मी लिहून देते.

परवा असंच बसलो असताना मामेबहिणीचा, आईच्या दादाच्या मुलीचा, फोन आला. आईला ऐकू जाणार नव्हतं, तरी मी उठून खिडकीशी गेले. मी बोलले जवळजवळ नाहीच, ऐकत होते. परत येऊन बसले आणि टीव्हीकडे बघू लागले. आईने तो बंद केला, पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "दादाला कुठल्या दवाखान्यात नेलंय?"