फुले मंडईतील तीन शनिवार

मुंबईत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यापैकी अनेकांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा पाहिला तो चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय म्हणजे शाळेच्या सहलीचे हमखास ठिकाण. २०२० साली ते बंद झाले, त्यामुळे आमच्या वस्तीतील लहान मुलांना त्याचे नावही ठाऊक नाही. म्हणून गावी कायमचे जायला निघालेल्या एका शेजाऱ्याने आपली चार फुटी काचेची टाकी आमच्या अभ्यासिकेला दिली, तेव्हा मुलांइतकाच आनंद आम्हा कार्यकर्त्यांनाही झाला.

पण आनंद टिकला नाही. घरामागे पन्नास रुपये अशी शेहेचाळीस घरांची वर्गणी जमली, दोन हजार तीनशे. ती घेऊन आम्ही जवळच्याच एका दुकानात गेलो. "साहेब, सब साथ में चलेगा," असे दुकानदार म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला. चार गोल्डफिश, दोन एंजल, सहा टायगर बार्ब, दहा निऑन टेट्रा आणि काच चाटून साफ करतो म्हणून एक काळा सकर, असे सगळे एकाच दिवशी टाकीत सोडले. आठ दिवसांत नऊ निऑन मेले. टायगर बार्बांनी एंजलचे लांब पर कुरतडून त्यांची लक्तरे केली. मुलांनी हौसेने लावलेल्या वनस्पती गोल्डफिशनी उपटून खाल्ल्या. आम्ही बी.कॉम., वर्गणीची वही आमच्याकडे. त्या वहीत मेलेले मासे कोणत्या सदरात लिहायचे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. पाचवीतील एका मुलीने विचारले, "काका, आपणच मारले ना त्यांना?" आम्ही गप्प बसलो.

नंतर चौकशी करता कळले की दोष त्यातल्या एकाही माशाचा नव्हता. गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण फार करणारा आणि वनस्पती खाणारा. निऑन अमेझॉनच्या खोऱ्यातला, त्यालाही मुंबईचा उन्हाळा सोसवत नाही. टायगर बार्ब मूळचा खोडकर. मोठ्या थव्यात असला तर आपसांतच पळापळी करतो, तरी लांब पराच्या माशाजवळ त्याला ठेवू नये. दुकानात दोन इंचांचा दिसणारा सकर वाढून फुटापेक्षा मोठा होतो. आणि सर्वांत मोठी चूक आमची. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही चार दिवसही थांबलो नव्हतो.

उरलेले गोल्डफिश एका घरी वेगळ्या टाकीत गेले. एंजल, बार्ब आणि सकर दुकानात परत केले. सकर तलावात सोडून द्या, असे दोघा-तिघांनी सुचवले, ते आम्ही ऐकले नाही. असे सोडलेले सकर देशातल्या कितीतरी तलावांत आणि नद्यांत माजले आहेत आणि मच्छीमारांच्या पोटावर पाय आणत आहेत.

दुसऱ्या खेपेला आम्ही महात्मा फुले मंडईत जायचे ठरवले. हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरून पोलीस आयुक्तालयाच्या दिशेने दहा मिनिटे चालले की मंडईचा मनोरा दिसतो. जुने लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. इमारत १८६९ सालची. दरवाज्यांवर दगडात कोरलेली कष्टकरी माणसे आहेत, ती जॉन लॉकवूड किपलिंग यांनी केलेली. मुले तिथेच थबकली. एक म्हणाला, "हा तर भाजीवाला दिसतोय." आम्ही चाळीस वर्षे त्या दारातून जातो, वर मान करून कधी पाहिले नव्हते.

पहिल्या शनिवारी फक्त वनस्पती घेतल्या. वॅलिस्नेरिया मागच्या बाजूला, अमेझॉन सोर्ड मध्ये, आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधून. जावा फर्नचे जाड खोड वाळूत पुरले तर कुजते, हे तिथल्या एका नोकराने सांगितले. बाजारात असा एखादा माणूस भेटला की दोन रुपये जास्त गेले तरी चालतात. नळाचे पाणी क्लोरिनचे, म्हणून औषधही घेतले. बाकी पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान. तानसा, वैतरणा, भातसाचे आपले पाणी मऊ आहे आणि ते टेट्रा-गुरामीला मानवते. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांनी मॉली किंवा गप्पीकडे वळावे. गप्पी तर आपल्या ओळखीचाच, डासांच्या अळ्या खायला पालिकेची माणसे टाक्यांत सोडतात तो.

पाच आठवडे टाकी नुसती हिरवी राहिली. थोडे थोडे खाद्य टाकून जिवाणू रुजवले. मुले रोज येऊन "मासे कधी?" विचारत आणि आम्ही कॅलेंडर दाखवत असू.

दुसऱ्या शनिवारी खरी परीक्षा झाली. मुलांची नजर एंजलवर खिळली. तीच पाचवीतली मुलगी हट्टाला पेटली. एंजल देखणा खरा, आमच्या अडीचशे लिटरच्या टाकीत तो मावलाही असता. पण मग लहान टेट्रांवर पाणी सोडावे लागले असते, कारण मोठा झालेला एंजल ते गिळतो. दुकानासमोर उभे राहूनच मत घेतले. थवा हवा म्हणणारे चार, एंजल हवा म्हणणारी एक. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आमचेही मन द्विधा झाले, पण वही काखेत होती.

निऑनऐवजी कार्डिनल घ्यायचे ठरले. दोघे दिसायला सारखेच, पण निऑनची तांबडी पट्टी पोटाच्या मध्यापासून सुरू होते, कार्डिनलची पूर्ण अंगभर असते. कार्डिनल उष्ण पाण्यात चांगला राहतो. महाग आहे, पण दोनदा मेलेले घेण्यापेक्षा स्वस्त. एका मुलाला फोटोत पाहिलेली 'मिस केरळ' हवी होती. तिच्या वंशाचे शास्त्रीय नाव २०१३ साली आपल्या सह्याद्रीवरून 'सह्याद्रिया' ठेवले गेले, पण घाटातल्या नद्यांत ती आता संकटात आहे. तेव्हा तो विषय संपला. गुलाबी-हिरव्या रंगाच्या काचमाशांनाही हात लावू दिला नाही. तो रंग सुईने टोचलेला असतो.

त्या दिवशी फक्त सहा कोरीडोरास आणले. हे तळाशी वाळू हुंगत फिरणारे गरीब मिशाळ मासे, एकटे ठेवले तर कोपऱ्यात बसून राहतात. घेण्याआधी दुकानाच्या टाकीत मेलेला मासा आहे का, अंगावर पांढरे ठिपके आहेत का, हे पाहिले आणि समोर खाद्य टाकायला लावले. जो खात नाही तो घेऊ नये. लोकलमध्ये पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, वर काळे कापड. उतरेपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांनी पेटीत काय आहे ते विचारले.

दोन आठवड्यांनी तिसरा शनिवार. बारा कार्डिनल घेतले आणि गुरामी निवडण्याचे काम त्या मुलीवर सोपवले. तिने हनी गुरामी निवडल्या, एक नर, दोन माद्या. हा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला मासा, हॅमिल्टन साहेबाने १८२२ सालच्या पुस्तकात नोंदवलेला. स्वभावाने शांत, अधूनमधून वर येऊन हवा घेतो. दुकानातला बंगाली पोरगा हसून म्हणाला, "हमारे गाँव में ऐसी मछली को खोलशे बोलते हैं, पकाके खाते हैं." मुलीने पिशवी छातीशी धरली.

अभ्यासिकेत पिशव्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवल्या. मग टाकीचे पाणी वाटीवाटीने आत घातले आणि मासे जाळीने सोडले. दुकानाचे पाणी मोरीत ओतले. कार्डिनल तासभर वॅलिस्नेरियामागे दडून होते. दिवा लावला नाही, मुलांनाही लांब बसवले.

आज त्याला सात महिने झाले. एक कार्डिनल पहिल्याच रात्री गेला, कारण कळले नाही. वहीत 'घट : १' असे लिहिले आहे. बाकी वीस आहेत, त्या मुलीने कालच मोजले. गुरामीचा नर हल्ली एका कोपऱ्यात फेसाचे बुडबुडे जमवतो आहे आणि माद्यांना तिथे फिरकू देत नाही. तिथला पंप जरा मंद करावा, असे तिचे म्हणणे आहे.