उमेदवारी

‘उमेदवार’ या शब्दाची मला फार कीव येते. ‘उमेद’ म्हणजे आशा; ती बाळगून असतो तो उमेदवार. एके काळी कचेरीत बिनपगारी नकला करून जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा उमेदवार म्हणवला जाई. शिंप्याच्या, सोनाराच्या दुकानी पोरे उमेदवारी करीत. आता निवडणुकीने तो शब्द पळविला. १९६१ च्या कायद्यात ‘शिकाऊ उमेदवार’ अजून आहे म्हणा. पण आमच्या आळीतल्या एका मुलाला तो कोठे भेटेना.

हा माझा जुना विद्यार्थी. संगणकाची पदवी घेतली, मग सायबर सुरक्षेच्या दोन परीक्षा दिल्या. त्यांच्या फीपायी वडिलांची एका सालची कपाशी गेली. प्रमाणपत्रे चकचकीत आहेत, नोकरी नाही. “सर, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, अन् नोकरी नाही म्हणून अनुभव नाही,” तो म्हणाला. त्याने दाखविलेल्या जाहिरातीत जागा नवशिक्याची होती आणि अट तीन वर्षांच्या अनुभवाची! लग्नाआधी संसाराचा दाखला मागण्यापैकीच हे. दिवाळीनंतरही काही जमले नाही, तर तो जळगावला मोबाईलच्या दुकानात बसणार आहे.

बरे, पहारेकऱ्यांची गरज नाही म्हणावे, तर तसेही नाही. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार पुण्याची कॉसमॉस बँक विसरणार नाही. एटीएममधून ‘पैसे देऊ का?’ म्हणून येणारी विचारणा बँकेच्या यंत्राऐवजी चोरट्यांच्या खोट्या यंत्राकडे वळली, आणि ते प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत राहिले. अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले. सोमवारपर्यंत एकूण ९४ कोटी गेले.

पण मालकाचीही बाजू आहे. हे काम म्हणजे जागल्याचे. रात्रभर पडद्यावर इशारे येतात, त्यांतले बहुतेक खोटे. प्रत्येक इशाऱ्याला ‘चोर, चोर’ म्हणून ओरडणारा जसा निरुपयोगी, तसाच खऱ्या चोराला वारा समजणाराही. शिवाय त्याच्या हाती साऱ्या घराच्या किल्ल्या द्यायच्या. केवळ कागद पाहून त्या कोण देईल?

आमचे एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे गावकरी मानतात. पांडववाडा येथे आहेच. बकासुराकडे भीमाला पाठवायचे ठरले तेव्हा धर्मराज कुंतीवर रागावला. तिने भीमाची पदवी सांगितली नाही. वारणावतातून त्याने सर्वांना उचलून आणले आणि हिडिंबाला मारले, हे तिने सांगितले. आणि हिडिंब भेटला तेव्हा भीम काय करीत होता? आई आणि भाऊ झोपले असता एकटा जागत बसला होता. त्या पहाऱ्यावर त्याला कोणी नेमले नव्हते.

मी त्या मुलाला विचारले, “रात्री काय करतोस?” भंगारातून आणलेले दोन संगणक त्याने माडीवर जोडले आहेत. एकावरून दुसऱ्यावर हल्ला करायचा, आणि त्याच्या खुणा नोंदींत कोठे उमटतात ते शोधून वहीत लिहायचे. त्याआधी कित्येक वर्षे तो ज्वारीच्या राखणीला माळ्यावर निजे. कोणती सळसळ वाऱ्याची आणि कोणती डुकराची, हे त्याला झोपेतही कळे.

“हे अर्जात लिहिलेस?”

“ते काय लिहायचं, सर? ते घरचंच.”

त्या संध्याकाळी आम्ही अर्ज नव्याने लिहिला. मला त्या शास्त्रातले काही कळत नाही; पण भाषेतले कळते. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘होतकरू’ ही विशेषणे मी खोडली आणि त्याला क्रियापदे विचारली. काय जोडलेस? काय बिघडले? कसे ओळखलेस? कोणता इशारा खोटा ठरला? दोन पाने भरली. प्रमाणपत्रांची यादी शेवटी एका ओळीत मावली. सोबत वहीच्या नकला जोडल्या.

अर्ज जाऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही. माडीवरचा दिवा मात्र रोज उशिरापर्यंत जळतो, आणि त्याची आई, विजेचे बिल माहीत असूनही, तो मालवायला सांगत नाही.