सही करण्यापूर्वीं

पुस्तकपरीक्षकांचा धंदा मोठा सुखाचा आहे, असें आम्हांस पुष्कळ वेळां वाटतें. एखाद्या टाकाऊ कादंबरीची त्यांनीं भरमसाट स्तुति केली, तर फार तर वाचकांची एक संध्याकाळ आणि कांहीं रुपये वायां जातात. आम्ही ज्या मजकुराचें परीक्षण करितों, त्याचा खरा वाचक यंत्र होय. आणि लेखकाच्या मनांत काय होतें हें जाणण्याची यंत्राला संवय नसल्यामुळें लेखकाची चूक तें निमूटपणें, अक्षरशः पाळीत राहतें.

हा मजकूर म्हणजे लिनक्स नांवाच्या संगणक-प्रणालीचा गाभा. १९९१ सालीं लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें तो लिहावयास घेतला. आज अँड्रॉइडच्या फोनांतहि तोच आहे. या गाभ्यास 'कर्नल' म्हणतात. त्याचा लष्कराशीं संबंध नाहीं. एकेका उपकरणाशीं बोलणाऱ्या त्याच्या भागास 'ड्रायव्हर' म्हणतात, त्याचा एस.टी.शीं संबंध नाहीं. त्यांत सुचविलेल्या फेरफारास मात्र 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात, आणि हें नांव अगदीं सार्थ आहे. कोणींहि ठिगळ पाठवावें, जाणत्यांनीं तें उलटून-पालटून पाहावें, आणि मन भरल्यास त्याखालीं 'परीक्षण केलें' अशी आपल्या नांवाची ओळ घालावी, असा रिवाज आहे. या सहीचा अर्थ नियमांत लिहिलेला आहे: आम्हीं हें तपासलें, आम्हांस ज्ञात असा दोष यांत उरला नाहीं, परंतु तें चालेलच अशी हमी आम्ही देत नाहीं. हमी नाहीं म्हणूनच तर सगळा भार शब्दावर येतो.

मागें एकदां उन्हाळ्याच्या तोंडीं आम्ही वडूजला तात्यांच्या, म्हणजे आमच्या चुलत्यांच्या, घरीं राहिलों होतों. येरळेच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसत होती. शेतीच्या विजेची पाळी त्या आठवड्यांत रात्रीची होती, आणि घरची वीज संध्याकाळपासून गेलेली. अशा वेळीं लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर आम्ही एक ठिगळ तपासावयास बसलों. बारा ओळींचें तें ठिगळ कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरला होतें, आणि त्याचा विषय वीज वांचविणें हाच होता.

काम नसेल तेव्हां उपकरणाला निजवावें, काम निघतांच जागें करावें, हें वाचावयास सोपें. पण जागें करण्याचा क्रम ठरलेला असतो. आधीं विजेचा पुरवठा, मग घड्याळाचे ठोके, मग आज्ञा. ठोके बंद असतां उपकरणाच्या रजिस्टरला हात लावला, तर कित्येक यंत्रें जागच्या जागीं गोठतात. निजवावें केव्हां, हें ठरविण्यासाठीं एक साधा आंकडा ठेवलेला असतो. ज्याला उपकरण हवें त्यानें तो एकानें वाढवावा, काम संपतांच एकानें कमी करावा. आंकडा शून्यावर आला, कीं उपकरण निजावयास मोकळें. ही व्यवस्था राफाएल विसोत्स्की यांनीं घातली, आणि २००९ च्या अखेरीस निघालेल्या २.६.३२ या आवृत्तींत ती प्रथम आली.

तिच्यांत एक मोठी फसवी खोंच आहे. 'उपकरण जागें कर' अशी जुनी आज्ञा दिली, कीं आंकडा आधीं वाढतो. जागें करण्याचा यत्न फसला तरी तो वाढलेलाच राहतो. साध्या माणसास वाटतें, जें जागेंच झालें नाहीं त्याला निजवावयाचें काय? म्हणून तो चूक कळवून परत फिरतो आणि आंकडा तसाच सोडतो. पुढें उपकरण ताळ्यावर आलें तरी हिशेब शून्यावर येत नाहीं, आणि तें पुन्हा कधींच निजत नाहीं. कांहीं मोडत नाहीं, कोठें तक्रार उमटत नाहीं. फोनचा मालक मात्र म्हणतो, 'बॅटरी जुनी झाली.' अशा चुका इतक्या घडल्या, कीं २०२० सालीं त्या दुरुस्त करणाऱ्या ठिगळांची रीघ लागली, आणि वर्षाच्या अखेरीस, यत्न फसल्यास आंकडा स्वतःच पूर्ववत् करणारी नवी आज्ञा कर्नलांत आली.

आमच्या पुढच्या ठिगळांत जुनीच आज्ञा होती, आणि फसलेल्या वाटेवरून लेखक आंकडा तसाच टाकून परतत होता. लेखक नवखा, बहुधा त्याचें हें पहिलेंच ठिगळ. शिवाय त्याखालीं एका वडीलधाऱ्या परीक्षकाची सही अगोदरच पडलेली. खोटें कशास बोला, त्या नांवाखालीं आपलें नांव घालून मोकळें व्हावें, असा मोह आम्हांस झाला. असें आम्हीं पूर्वीं एकदां केलेंहि होतें. तें ठिगळ आम्हीं दोन मिनिटांत पसंत केलें होतें, आणि नेमकी हीच चूक कित्येक महिन्यांनीं दुसऱ्या कोणीं शोधली, तेव्हां आमची सही तेथें जशीच्या तशी होती. कर्नलाच्या इतिहासांतून सही खोडतां येत नाहीं.

इतक्यांत तात्या विजेरी घेऊन उठले. मध्यरात्र उलटून गेली होती. आम्हीं विचारलें, "तात्या, मोटरला ऑटो आहे ना? मग तुम्ही कशाला जातां?"

"आरं, ऑटो खटका दाबतोय," तात्या म्हणाले, "पर हिरीत पाणी हाय का न्हाई, ते त्येला कुठं कळतंय? गेल्या साली कोरडीच फिरली रातभर, अन् जळली. सुरू हुयाची सोय केली, तर बंद करायचीबी आपुनच बघाय पायजे."

ते अंधारांत कांद्याच्या रानाकडे निघून गेले. ऑटोची आणखी एक खोडी वीजवाले नेहमीं सांगतात, कीं वीज येतांच साऱ्या शिवारांतल्या मोटरी एकदम उठतात आणि रोहित्रच जळतें. पण आमच्या मनांत तात्यांचें पहिलेंच वाक्य घोळत राहिलें.

आम्हीं सही केली नाहीं. लेखकास लिहिलें, कीं आपला तर्क स्वाभाविक आहे, आम्हीहि त्यास एकदां फसलों आहों. परंतु हिशेब अपयशाच्या वाटेवरहि चुकता करावा लागतो, तरी नवी आज्ञा वापरावी. वडीलधाऱ्या परीक्षकांनाहि तेंच, नांव न घेतां, नम्रपणें कळविलें. पत्र लिहून होईतों बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती.

दोन दिवसांनीं सुधारलेलें ठिगळ आलें. वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आपण ती वाट पाहिलीच नव्हती, असें एका ओळींत मोकळेपणानें कबूल केलें होतें. त्या एका ओळीनें त्यांच्या सहीची किंमत आमच्या लेखीं वाढली. आम्हीं ठिगळ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलें, प्रत्येक परतीच्या वाटेवर आंकडा बोटांवर मोजला, आणि मगच आपलें नांव त्याखालीं घातलें.