रस्त्याकडेचे झाड

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर शिड्या, दोरखंड आणि करवती दिसू लागतात. गुलमोहराच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या पसरलेल्या फांद्या वादळात मोडतात आणि खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेततात. म्हणून छाटणी हवीच. मात्र झाड स्वतःच्या आवारातले असले, तरी मालकाला मनाला येईल तसे ते कापता येत नाही. महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ साली झालेल्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ मोठा व्यापक आहे. झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे, हे सारे त्यात येते. झाड पाडायचे असेल, तर तशी सूचना त्याच झाडावर लावून लोकांच्या हरकती मागवल्या जातात. आपल्या मरणाची नोटीस अंगावर घेऊन उभे राहणे झाडाच्याच नशिबी!

परवानगीच्या विलंबाबद्दल लोक कुरकुरतात, आणि ती अगदीच खोटी नव्हे. पण सवलतीचे काय होते, हे दिल्लीत दिसले. तेथे १९९४ चा कायदा असूनही १५.७ सेंटिमीटरपर्यंत घेराच्या, म्हणजे जवळजवळ मनगटाएवढ्या फांद्या विनापरवानगी छाटता येत असत. ही मुभा मूळ कायद्याशी विसंगत ठरवून उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली.

कागदावर न दिसणारे रहिवासीही झाडावर असतात. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ साली महामार्गाच्या रुंदीकरणासाठी एक झाड पाडले गेले, तेव्हा घरट्यांतील पिल्ले रस्त्यावर आपटून मेली. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

परवाना मिळाला, तरी करवत कोठे लावावी हे ज्ञान वेगळेच. फांदी खोडाला मिळते तेथे सालीची फुगीर कड असते. तिच्या जरा बाहेर काप घेतला, तर जखम हळूहळू भरून येते. जड फांदीला आधी खालून खाच द्यावी लागते, नाहीतर ती कोसळताना खोडाची साल सोलून नेते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज खोडात उतरते. आणि विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या, की झाडाचा तोल दुसरीकडे जातो, बहुधा रस्त्याकडेच.