हिमनदी संपते कुठे?

छोटा शिग्रीचं मुख मोजायचं म्हणजे एका दिवसाचं काम, अशा गुर्मीत मी गेलो होतो. लाहौलमधली ही हिमनदी जेमतेम नऊ किलोमीटरची. शेजारची बडा शिग्री तिच्या तिप्पट. छत्रू-बातल रस्त्यावर गाडी सोडायची, तारेवरच्या झुल्यात बसून चंद्रा नदी ओलांडायची आणि चढायला लागायचं. दोन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी आमचा तंबू वरच राहील, इतक्या उंचीवर मुक्काम.

पक्क्या कातळावर जीपीएसचं बेस स्टेशन लावलं आणि रोव्हरचा, म्हणजे फिरत्या रिसीव्हरचा, दांडा घेऊन निघालो. बर्फ संपतो तिथं बिंदू घ्यायचा, एवढंच. पण बर्फ दिसायला तर हवा! निळीशार हिमनदी कॅलेंडरात असते. इथं मुखाशी नुसता राडारोडा, पुण्यात रस्ता खणून ठेवल्यावर असतो तसा.

एका थोराड दगडाशी दांडा टेकवला. उभ्या कड्यांनी अर्धं आकाश झाकलेलं, त्यामुळे उपग्रह पुरेसे मिळेनात. स्क्रीनवर 'फ्लोट', 'फ्लोट', म्हणजे जागा अजून पक्की नाही... बोटं बधिर झाल्यावर एकदाचा 'फिक्स' आला. तेवढ्यात सोबतचे नेपाळी पोर्टरदादा म्हणाले, "साब, इसके नीचे भी बर्फ है." त्यांनी टाचेनं खडी बाजूला सारली. चार बोटांखाली काळपट, काचेसारखा बर्फ आणि त्याच्याही खालून पाण्याची खळखळ. हिमनदीबाहेरची म्हणून ज्या जमिनीवर मी सकाळपासून वावरत होतो, ती हिमनदीच होती. तेवीस बिंदू बाद.

दुसऱ्या दिवसापासून पोर्टरदादा पुढे, उकरत, कान देत. मी दांडा घेऊन मागे.

रात्री तंबूत या भागाचा जुना नकाशा, टोपोशीट, उघडला. साठच्या दशकातल्या हवाई छायाचित्रांवरून केलेला. मुख आजच्यापेक्षा बरंच खाली, आणि रेघ कशी ठाम! हिमनदी मागे हटली आहे, त्यात वाद नाही. पण 'इतके मीटर हटली' हा आकडा निघतो तो या रेघेवरून, आणि विमानातून दिसतात ते वरचे दगड. तेव्हापासून असला आकडा वाचला की पहिली रेघ कशी आखली होती, ते मी आधी विचारतो.

आमची रेघ पुरी व्हायला चार दिवस लागले. डाव्या अंगाला दगड सारखे सुटत होते, तिथं गेलोच नाही. नकाशावर तेवढी रेघ तुटक ठेवली आहे.